कपाळावरची तीन अक्षरं

मागल्या एका जुम्म्याला, दुपारच्या नमाजीला निघायची गडबड चालू असताना, घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर चुलतभावानं एक फोटो टाकला. हिरव्या कापडात गुंडाळलेलं, नुकतंच जन्मलेलं बाळ. नाक नाही, आणि भुवयांच्या मध्ये जिथं मोकळी जागा असायची तिथं एकच मोठा, अर्धवट उघडा डोळा. वर लाल अक्षरांत ‘दज्जाल पैदा हो चुका है’, म्हणजे कयामतीच्या आधी येणारा तो सगळ्यांत मोठा फसवा जन्मला, आणि खाली नेहमीचं, पुढं पाठवा, नाही पाठवलंत तर तुमचं ईमान कच्चं. बघता बघता ‘तौबा तौबा’, ‘अल्लाह खैर करे’ आणि रडक्या चेहऱ्यांची रांग लागली. मग भाभीचा मेसेज आला. ती प्रसूती विभागात नर्स आहे. तिनं एवढंच लिहिलं होतं, ‘ये किसी का बच्चा है.’ त्यावर कुणाला काही सुचेना. बऱ्याच वेळानं कुणीतरी गुलाबाच्या फुलावरचं ‘जुम्मा मुबारक’ टाकलं आणि सगळे सुटले.

रात्री मी भाभीला फोन केला. पोटात असताना मेंदूचे दोन भाग वेगळे व्हायचे राहून जातात, ती सांगत होती, मग डोळ्याच्या खोबणीही दोन होत नाहीत. अशी बाळं बहुतेक मेलेलीच जन्मतात, नाहीतर काही तासांत जातात. मग जरा थांबून म्हणाली, ‘ते हिरवं कापड बघितलंस का? ते ऑपरेशन थिएटरचं असतं. म्हणजे फोटो काढणारा बाहेरचा कुणी नाही. आमच्यातलाच कुणीतरी. बाई तिथंच टेबलावर असणार, टाके पडायचे असणार.’ हे तिनं अगदी रोजच्या आवाजात सांगितलं, ड्युटीचं सांगावं तसं. मला मात्र त्या फोटोतला डोळा त्यानंतर दिसेनासा झाला आणि कापडच दिसत राहिलं.

आणि मुळात दज्जाल असा दिसतच नाही. हदीसच्या, म्हणजे पैगंबर साहेबांच्या बोलण्यावागण्याच्या आठवणींच्या, किताबांत त्याचं वर्णन आहे आणि त्यात कपाळाच्या मधोमध डोळा कुठेच नाही, तो गोष्टींतल्या राक्षसांचा. दज्जालचा उजवा डोळा फुटका, वर आलेल्या द्राक्षासारखा, असं बुखारीच्या संग्रहात आहे. आम्ही तासगावच्या बाजूची माणसं, त्यामुळे हे वर्णन आमच्या घरात कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. घडातला एखादा मणी बाकीच्यांना ढकलून बाहेर आलेला असतो, फुगलेला, कातडं ताणलेलं, आत नुसतं पाणी. विरळणीला बसलेल्या बाया तो मणी पहिल्यांदा कात्रीनं उडवतात. लहानपणी बागेत असा मणी दिसला की आम्ही पोरं ‘दज्जाल, दज्जाल’ ओरडून तो फोडायचो आणि दादी रागवायची. असलं नाव बागेत घ्यायचं नाही, म्हणायची, गिऱ्हाईक फिरकायचं नाही.

दादी जतकडची. सही कधी शिकली नाही, रेशन दुकानात अंगठा उठवायची आणि अंगठ्याची शाई पदराला पुसायची. कुरआन तिला ऐकून ऐकून पाठ होता तेवढाच. दर जुम्म्याला आत्याला कुरआनातली सूरे कहफ वाचायला बसवायची, कारण तिच्या पहिल्या दहा आयती पाठ असलेला दज्जालपासून वाचतो. त्या तिनं मात्र स्वतः पाठ केल्या होत्या. दज्जालच्या दोन डोळ्यांच्या मध्ये काफ, फे, रे, म्हणजे काफिर, अशी अक्षरं लिहिलेली असतील आणि शिकलेला असो की अडाणी, प्रत्येक ईमानवाल्याला ती वाचता येतील, हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. ह्या एका गोष्टीवर ती भलतीच खूश असायची. ‘उत्ता एक तो मैं पढ लेऊँगी,’ म्हणायची. अख्ख्या आयुष्यात वाचायला मिळणारा तिचा तो एकच शब्द, आणि तो दुनिया बुडायच्या वेळी, सगळ्यांत मोठ्या फसव्याच्या कपाळावर. आत्यानं एकदा विचारलं होतं, इतकं ठळक लिहिलेलं असेल तर मग लोक फसतील कसे? दादीनं काही न बोलता पोटावर हात ठेवला.

तिनं बहात्तरचा दुष्काळ अंगावर काढला होता. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडली होती, सुकडीसाठी डबा घेऊन रांगेत उभी राहिली होती, तांबडी मिलो खाल्ली होती. त्यामुळे दज्जालजवळ रोट्यांचा डोंगर असेल हे वाक्य ती सांगायची तेव्हा त्यात गोष्ट सांगण्याचा सूर नसायचा. ‘रोटी दिखायेगा, पर जाना नक्को,’ एवढंच. मोठी झाल्यावर मी ती मोठी हदीस नीट वाचली, नव्वास बिन समआन यांची, मुस्लिमच्या संग्रहातली, तेव्हा दादीचा हात पोटावर का गेला ते कळलं. दज्जाल एका जमातीकडे येतो, ते त्याला मानतात, तो आभाळाला हुकूम देतो आणि पाऊस पडतो, जमिनीला सांगतो आणि चारा उगवतो. संध्याकाळी जनावरं घरी परततात ती उंच वशिंडांची, भरलेल्या कासांची, कुशी तट्ट फुगलेल्या. मग तो दुसऱ्या जमातीकडे जातो, ते नाकारतात, आणि सकाळी त्यांच्या हातात काहीही उरत नाही. नाकारणारे खरे आहेत आणि त्यांचीच विहीर आटते. चारा छावणीत उभं राहिलेल्या कुणालाही ह्यातली मेख सांगावी लागणार नाही. तीन अक्षरं वाचता येणं वेगळं आणि ती वाचून, गोठ्यात भुकेलं जनावर सोडून, तसंच बसून राहणं वेगळं.

आणखी एक रिवायत आहे, जिची सनद, म्हणजे सांगणाऱ्यांची साखळी, जाणकार कमकुवत धरतात, पण मला तीच सगळ्यांत जास्त छळते. दज्जाल एका भटक्या अरबाला विचारेल, तुझे मेलेले आईबाप उठवून दाखवले तर मला मानशील? तो हो म्हणेल. मग दोन शैतान त्या दोघांचं रूप घेऊन समोर येतील आणि म्हणतील, बेटा, ह्याचं ऐक.

माझी आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. ती समोर आली तर मी कुणाच्या कपाळाकडे बघणार?

बहुधा म्हणूनच पैगंबर साहेबांनी ह्या बाबतीत बहादुरीची अपेक्षा फारशी ठेवलेली दिसत नाही. अबू दाऊदच्या संग्रहात आहे: दज्जाल आल्याचं ऐकलंत तर त्याच्यापासून लांब राहा, कारण माणूस स्वतःला पक्का मोमिन समजून त्याच्याकडे जाईल आणि त्याच्या शंकाकुशंकांत सापडून त्याच्याच मागे लागेल. मला ही सूचना फार आवडते. जा आणि त्याला उघडं पाडा असं त्यात नाही. तुम्ही हुशार आहात म्हणून सुटाल असंही नाही. मुगीरा बिन शुअबा नावाचे सहाबी, म्हणजे पैगंबर साहेबांचे साथीदार, दज्जालबद्दल सारखे विचारायचे, इतर कुणाहीपेक्षा जास्त. त्यांना उत्तर मिळालं, तुला त्याचा काय त्रास होणार आहे? ते म्हणाले, अहो, लोक म्हणतात त्याच्याजवळ रोट्यांचा डोंगर आणि पाण्याची नदी असेल. त्यावर, अल्लाहपुढे त्याची तेवढीही किंमत नाही, असं सांगून विषय संपवला. आणि ती दिवसांची गोष्ट. दज्जाल चाळीस दिवस राहील, पहिला दिवस वर्षाएवढा, दुसरा महिन्याएवढा, तिसरा आठवड्याएवढा. हे ऐकून समोर बसलेल्यांनी काय विचारावं? वर्षाएवढ्या दिवसात एकाच दिवसाच्या नमाजा पुरतील का? उत्तर आलं, नाही, अंदाज घ्या आणि तेवढ्या पढा. सूर्य मावळायला तयार नाही, माणसं रांगेनं बुडताहेत, आणि इकडे काही मंडळी असरची नमाज कधीची धरायची याचा हिशेब करताहेत. मला हसू येतं आणि त्या हिशेबाचा आधारही वाटतो.

ओळखण्याची घाई झालेल्यांचं काय होतं त्याचा दाखला मात्र आपल्या डोळ्यांदेखतचा आहे. १ मुहर्रम १४००, नव्या हिजरी शतकाचा पहिला दिवस, म्हणजे २० नोव्हेंबर १९७९. मक्केच्या हरममध्ये, काबाभोवतीच्या मशिदीत, फजरची, पहाटेची नमाज संपते न संपते तोच जुहैमान अल उतैबी आणि त्याच्या माणसांनी बंदुका बाहेर काढल्या. मय्यतीची नमाज पढवायला म्हणून आणलेल्या जनाज्यांतून काही हत्यारं आत आली होती. जुहैमाननं आपल्या मेव्हण्याला, मुहम्मद अल कहतानीला, महदी, म्हणजे शेवटच्या काळात येणारा तारणहार, म्हणून पुढं केलं. खुणा सगळ्या जुळत होत्या: नाव पैगंबरांचं, बापाचं नावही पैगंबरांच्या वडिलांचंच, काबाजवळच्या रुक्न आणि मकाम ह्या जागांच्या मध्ये बैअत, म्हणजे निष्ठेची शपथ. त्यांच्यातल्या कित्येकांना कहतानी महदी असल्याची स्वप्नं पडली होती. आता राहिली होती फक्त ती फौज, जी महदीवर चालून येईल आणि जमिनीत गडप होईल. फौज आली, पण जमीन काही फाटली नाही. आपल्याला मरण नाही अशा खात्रीनं कहतानी पायाशी पडलेले हातबाँब उचलून परत फेकत होता म्हणतात, आणि काही दिवसांतच तो मेला. मेलेला महदी ही काय चीज आहे हे त्याच्या साथीदारांना कुणी सांगायचं? ते तळघरात उतरले आणि ४ डिसेंबरपर्यंत लढले. जानेवारीत त्रेसष्ट जणांची मुंडकी उडवली गेली. ज्या आवारात मुंगी मारायलाही मनाई, तिथं हे झालं, आणि करणारे सगळे नमाजी, रोज्याचे पक्के, फितन्यांच्या, म्हणजे शेवटच्या काळातल्या उलथापालथींच्या, हदीसा तोंडपाठ असलेले.

आपल्याकडेही महदीचं राज्य होऊन गेलं आहे, शाळेच्या इतिहासात मात्र ते आलं नाही. जौनपूरच्या सय्यद मुहम्मदांनी पंधराव्या शतकाच्या अखेरीस महदीपणाचा दावा केला. ते १५०५ मध्ये अफगाणिस्तानात फराहला वारले, पण मानणारे राहिले. त्यांच्यातलाच जमाल खान १५८९ नंतर अहमदनगरच्या निजामशाहीचा सर्वेसर्वा झाला, गादीवर पोर बसवलं आणि महदवी पंथ दरबारचा पंथ केला. हिजरी हजारावं साल उंबरठ्यावर होतं आणि सगळीकडे वातावरणच तसं होतं. तिकडे अकबर बादशहानं हजार वर्षांचा इतिहास लिहायला बसवला होता, नाण्यांवर ‘अल्फ’, म्हणजे हजार, असं साल कोरून घेतलं होतं. १५९१ मध्ये बुलढाण्याच्या रोहणखेडला लढाई झाली, त्यात जमाल खान पडला. ऑक्टोबरात हजारावं साल लागलं, पुढच्या ऑक्टोबरच्या सुमारास संपलंही. महदवी आजही आहेत, हैदराबादेत, गुजरातेत, कर्नाटकात. त्यांचे दायरे, म्हणजे एकत्र राहायच्या वस्त्या, आहेत, विरक्तीची, मिळेल ते वाटून खाण्याची त्यांची जुनी शिस्त आहे. त्यांना फसलेले म्हणायला माझी जीभ रेटत नाही. येणारा येऊन गेला असं मानणारा माणूस निदान वाट बघताना कुणाचं बाळ चव्हाट्यावर आणत नाही.

दाबिकचं नाव आता विसरत चाललं आहे. उत्तर सीरियातलं छोटं गाव, एका हदीसमध्ये रोमनांशी शेवटच्या लढाईची जागा म्हणून आलेलं. आयसिसनं २०१४ मध्ये ते घेतलं, आपल्या मासिकाला त्याचं नाव दिलं, आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये तिथून फारशी खळखळ न करता माघार घेतली. ती लढाई ही नव्हे, असं सांगायला ते मोकळे होतेच. २०१४ मध्येच कल्याणची चार पोरं घरात कुणाला पत्ता न लागू देता तिकडे निघून गेली होती. त्या दिवसांत आमच्याकडे घरोघरी पोरांचे फोन तपासले जात होते. अब्बांना फोन उघडता येत नव्हता, ते नुसते भावाच्या उशाशी बसून राहायचे. दज्जालपासून पळा सांगणारी ती भाषणं आम्हीही ऐकली होती. आवाज मोठा गोड असायचा.

त्या फोटोनंतर मी परत इब्ने सय्यादकडे गेले. त्याची गोष्ट आमच्या मजलिशीत फारशी कुणी सांगत नाही, कारण तिला धड शेवट नाही. मदिन्यातलं एक यहुदी पोरगं, वयात यायच्या बेतातलं. काहीबाही पुटपुटायचं, कुणाच्या मनातलं अर्धंमुर्धं ओळखायचं, आणि गावात कुजबुज सुरू झाली की दज्जाल तो हाच. पैगंबर साहेब स्वतः त्याला बघायला गेले. पोरांत खेळत होता. त्याच्या पाठीवर हात मारून विचारलं, मी अल्लाहचा रसूल आहे अशी साक्ष देतोस? तो म्हणाला, तुम्ही अडाण्यांचे रसूल, आणि उलट त्यानंच तोच प्रश्न विचारला. मनात एक शब्द धरून विचारलं तर त्याला त्याचा अर्धाच तुकडा सांगता आला. हजरत उमरनी तलवारीची परवानगी मागितली. उत्तर असं मिळालं: हा तोच असेल तर तुझ्या हातून मरायचा नाही, आणि तो नसेल तर ह्याला मारण्यात तुझं काही भलं नाही.

चौदाशे वर्षांत हे वाक्य कितीजणांनी ऐकलं असेल, आणि कितीजणांनी उमरची तलवारच तेवढी लक्षात ठेवली असेल.

पुन्हा एकदा पैगंबर साहेब खजुरीच्या बागेत गेले, बुंध्यांच्या आडोशानं, तो एकटा असताना काय बोलतो ते ऐकायला. पोरगं चादर पांघरून पडलेलं, आतून गुणगुण चालू. तेवढ्यात त्याच्या आईनं बघितलं आणि त्याचं नाव घेऊन हाक मारली, साफ, अरे साफ, मुहम्मद आलेत! पोरगं ताडकन उठलं. तिनं हाक मारली नसती तर उलगडा झाला असता, असं पैगंबर साहेब म्हणाले. शंका मिटायला एक हाक आड आली, आणि ती मारली आईनं. कुणाची आई गप्प बसली असती?

पुढे तो मुसलमान झाला, त्याचं लग्न झालं, पोरंबाळं झाली, पण नाव चिकटलेलं सुटलं नाही. अबू सईद खुदरी सांगतात, मक्केच्या वाटेवर मुक्कामाला माणसं पांगली आणि मी नेमका इब्ने सय्यादबरोबर उरलो. त्यानं आपलं सामान माझ्या सामानाशेजारी आणून ठेवलं. मला नको वाटलं, म्हटलं, ऊन फार आहे, त्या झाडाखाली ठेवशील का? त्यानं मुकाट्यानं उचलून ठेवलं. मग शेळ्या दिसल्या तसा जाऊन मोठा वाडगाभर दूध घेऊन आला, घे अबू सईद, पी. मी म्हटलं, ऊनही कडक आणि दूधही गरम. खरं तर त्याच्या हातचं मला प्यायचं नव्हतं. तेव्हा तो बोलला: लोक माझ्याबद्दल जे बोलतात त्यानं वाटतं दोर घ्यावा, झाडाला बांधावा आणि फास लावून घ्यावा. दज्जालला मूल होणार नाही म्हणतात ना? माझी पोरं मदिन्यात आहेत. तो मक्केत, मदिन्यात पाऊल टाकू शकणार नाही ना? मी मदिन्याहून निघालोय आणि मक्केला चाललोय. अबू सईद म्हणतात, मला त्याचं पटतच आलं होतं. आणि तेवढ्यात तो म्हणाला, पण अल्लाहची शपथ, तो कुठं जन्मला आणि ह्या घडीला कुठं आहे हे मला ठाऊक आहे. अबू सईद भडकले, दिवसभर तुझं वाटोळं होवो, म्हणाले.

हा शेवटचा टोमणा त्यानं का मारला असेल? आयुष्यभर ज्याला एका नावानं ओरडलं, तो कधीतरी त्या नावाचा फणा काढून दाखवतो, असं मला वाटतं. मौलाना लोक वेगळं सांगतील. जाबिरसारखे मोठे सहाबी तर शपथेवर सांगायचे की दज्जाल तो हाच. तमीम दारींनी सांगितलेली बेटावर साखळदंडात असलेल्या दज्जालची हकिकत खरी धरली तर मग हा तो नव्हे. हर्राच्या लढाईच्या दिवशी, ६३ हिजरीत, तो नाहीसा झाला असं एकीकडे आहे; मदिन्यातच मेला आणि लोकांनी जनाज्याची नमाज पढली असं दुसरीकडे.

पण त्याच्या मुलाचं नाव मला ठाऊक आहे. उमारा. ‘दज्जालचा पोरगा’ हे गल्लीत त्यानंही ऐकलं असणार. तो मोठा झाला, हदीस सांगणारा भरवशाचा माणूस म्हणून ओळखला गेला आणि मदिन्याच्या इमाम मालिकनी त्याच्याकडून ऐकलेलं आपल्या मुवत्ता नावाच्या संग्रहात घेतलं. इमाम मालिक कुणाचंही घेत नसत. उमाराच्या नावावर तिथं जे आहे त्यात ना कयामत, ना दज्जाल. अबू अय्यूब अन्सारींचं साधं सांगणं आहे: आमच्या वेळी एक माणूस स्वतःकडून आणि साऱ्या घराकडून मिळून एकच बकरा कुर्बान करायचा, मग लोकांत चढाओढ लागली आणि तो मिरवण्याचा प्रकार झाला. दज्जालपेक्षाही मला तुमच्याबद्दल जास्त भीती वाटते ती दिखाव्याची, कुणी बघतंय म्हणून नमाज लांबवणाऱ्याची, अशी एक हदीस इब्ने माजामध्ये आहे, आणि ती सांगणारे आहेत तेच अबू सईद, ज्यांनी ते दूध प्यायचं टाळलं. आमच्या ग्रुपवर बकरी ईदच्या आधी देवनारच्या बाजारातले व्हिडिओ येतात, बकऱ्याचं वजन, किंमत, पाठीवरच्या केसांत उमटलेला चंद्र. चुलतभाऊ दरवर्षी आपल्या बकऱ्याबरोबर फोटो काढतो, बकऱ्याचं तोंड कॅमेऱ्याकडे वळवायला दोघंजण लागतात. ह्या वर्षी मी त्याला उमाराची रिवायत पाठवली. ‘सनद सही है क्या?’ असं त्यानं लगेच विचारलं.